एल्म लावा, पण कात्रीही हाताशी ठेवा

संपादक महोदय,

सावलीच्या झाडांवरील लेखात रोगप्रतिकारक अमेरिकन एल्मची शिफारस वाचली. पटली, पण अर्धीच. १९३० च्या सुमारास अमेरिकेत शिरलेल्या ‘डच एल्म’ रोगाने तिथले रस्तेच्या रस्ते उघडे पाडले. सालीत राहणारे भुंगेरे या रोगाची बुरशी झाडोझाडी वाहून नेतात. शिवाय ओळीने लावलेल्या झाडांची मुळे जमिनीखाली सांधली गेली, की तिथूनही ती पसरते. ‘प्रिन्स्टन’, ‘व्हॅली फोर्ज’ हे वाण तग धरतात, पण प्रतिकारक म्हणजे अमर नव्हे.

त्यातून ‘व्हॅली फोर्ज’चे रोप म्हणजे भलतेच उनाड पोर! दोन शेंडे बरोबरीने वर धावतात, बेचक्यात साल दबून राहते आणि पुढे एखाद्या वादळात झाड नेमके तिथेच उभे फाटते. पहिली काही वर्षे एकच शेंडा राखून छाटणी हवी, तीही झाड निष्पर्ण असताना. उन्हाळ्यातल्या ताज्या जखमेकडे भुंगेरे धाव घेतात. आणि कृपा करून अख्खा रस्ता एल्मचाच करू नका. मध्ये मध्ये दुसरी झाडे येऊ द्या. ओळ जरा विजोड दिसेल, दिसू दे.

— एक वाचक