चार दिवसांत घरी, पण गिळण्याचे काय?

महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला घशाच्या कर्करोगावरील रोबोटिक शस्त्रक्रियेचा लेख वाचला. तंत्राबद्दल माझी तक्रार नाही. पूर्वी टॉन्सिलमधल्या किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या गाठीपर्यंत पोहोचायला अनेकदा ओठ चिरून जबडा दुभागावा लागे. आता सर्जन रोबोट चालवायच्या कन्सोलवर (नियंत्रण-मंचावर) बसून, तोंडातूनच कॅमेरा आणि उपकरणे आत नेऊन ती गाठ काढतो. पण ‘बाहेर एकही टाका नाही, चार दिवसांत घरी, लगेच पूर्ववत आयुष्य’ ही चौकट छापण्याआधी कोणी तपासली होती का?

माझ्या थोरल्या भावाची हीच शस्त्रक्रिया झाली. गाठ तोंडातून निघाली, मान्य. पण कर्करोग जिथे पसरू शकतो त्या मानेतल्या लसिकाग्रंथी (लिम्फ नोड) काढायला मान उघडावीच लागली, आणि ही काही अपवादाची गोष्ट नाही. टाके होते, पुढे रेडिएशनही घ्यावे लागले.

त्याहून मोठा प्रश्न गिळण्याचा. शस्त्रक्रियेआधी रुग्णालयात आम्हाला यंत्राची चित्रफीत कौतुकाने दाखवली गेली. गिळण्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. अन्नासाठी घातलेली नाकातली नळी निघाल्यावर भावाला सर्वांत जड गेले ते पाणी. पातळ ते सोपे, असे कोणालाही वाटते. पण घशाचे स्नायू वेळेवर आवळले नाहीत तर पाणीच आधी श्वासनलिकेकडे जाते. चमचाभर पाण्याने तो लालबुंद होऊन खोकत बसायचा. शेवटी पेला दिसला तरी तोंड फिरवू लागला. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचे, एका घोटाला दोनदा गिळायचे, मग मुद्दाम खाकरायचे, हे त्याला एका स्पीच थेरपिस्ट (बोलण्या-गिळण्याच्या अडचणींवर उपचार करणाऱ्या) बाईंनी शिकवले. त्यांचा पत्ता दिला तो दुसऱ्या रुग्णाच्या पत्नीने, रुग्णालयाने नव्हे. हे व्यायाम शस्त्रक्रियेच्या आधीपासून सुरू करायचे असतात, असे त्या बाईंनी सांगितले तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही.

लेखात रेडिएशनला ‘जुनी पद्धत’ म्हणून एका ओळीत निकालात काढले आहे. अमेरिकेत या शस्त्रक्रियेला २००९ मध्ये मान्यता मिळाली, तीही लहान गाठींसाठी. पुढे ‘ओरेटर’ या चाचणीत ६८ रुग्णांमध्ये दोन्ही उपचारांची थेट तुलना झाली. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा वर्षभरानंतरच्या गिळण्यात रेडिएशनवाले किंचित सरसच होते. रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता, एवढेच. त्यानंतरच्या ‘ओरेटर २’ मध्ये शस्त्रक्रियेच्या गटात उपचारांमुळे दोन मृत्यू झाले आणि रुग्ण घेणे मध्येच थांबवावे लागले. घशात मागाहून होणारा रक्तस्राव हा या शस्त्रक्रियेतला खरा धोका आहे. तुमच्या पानभर लेखात त्याचा उल्लेख नाही. योग्य रुग्णाला, सरावलेल्या हातांनी केली तर ही शस्त्रक्रिया उत्तमच. माझा भाऊ आज बरा आहे. पण गाठ काढल्यावर रेडिएशन आणि केमो दोन्ही लागण्याची शक्यता किती, हे आधी विचारायचे असते आणि तसे लेखाने वाचकाला सांगायला हवे होते.

आणखी एक. ‘व्यसने टाळा, हा कर्करोग टळेल’ हे शेवटचे वाक्य कोणी लिहिले? भावाने आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नाही. त्याचा कर्करोग एचपीव्ही विषाणूमुळे झालेला होता. हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात कधी ना कधी येतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातोही. काही थोड्यांत तो टिकतो आणि कित्येक वर्षांनी गाठ होते. ‘लपून काही खात होता का?’ असे आजारी माणसाच्या तोंडावर विचारणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. तुमच्या त्या वाक्याने त्यांना आयतेच बळ मिळते.

त्या वाक्याची आणि त्या चौकटीची दुरुस्ती याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक जागी छापावी. पुढच्या वेळी सर्जनबरोबर एखाद्या स्पीच थेरपिस्टशीही बोलावे, ही विनंती.

– एक वाचक