आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरातील वायरिंगचे काम परवानाधारक वायरमननेच करावे, हे नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतात. पण काम नीट झाले की नाही, हे ठरवते कोण? दिवा लागला, पंखा फिरला की पैसे देऊन आपण मोकळे होतो. चाचणी केली का, हे कोणी विचारत नाही.

बोर्डात एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारे खटके) आहेत म्हणजे घर सुरक्षित, हा समज जीवघेणा आहे. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. 16 अँपिअरचा एमसीबी तेवढा प्रवाह बिनदिक्कत वाहू देतो. हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा काही शतांश भागही पुरतो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तो सतत ताडून पाहतो आणि साधारण 30 मिलीअँपिअरचा फरक पडताच, म्हणजे तेवढा प्रवाह माणसातून किंवा भिंतीतून जमिनीत गळताच, क्षणात लाइन तोडतो.

नेमका हाच आरसीसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून बायपास केला जातो. गीझरच्या कॉइलमधून करंट गळत असतो, भिंतीत ओल शिरलेली असते किंवा दोन लाइनींचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. मेगर (वायरीचे इन्सुलेशन, म्हणजे आवरण, तपासणारे यंत्र) लावून दोष शोधायला वेळ लागतो, दोन वायरी थेट जोडायला पाच मिनिटे. वरून सारे जागच्या जागी दिसते. आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून पाहा. खटका पडूनही घरातील दिवे चालूच राहिले, तर तो नुसता शोभेला आहे. खटका पडलाच नाही, तर तो निकामी आहे. अर्थिंग (गळलेला प्रवाह जमिनीत नेणारी जोडणी) मात्र या बटणाने तपासले जात नाही.

आणि अर्थिंगची अवस्था तर त्याहून वाईट. तीन पिनांच्या सॉकेटमागे अनेकदा अर्थची वायरच नसते. काही ठिकाणी न्यूट्रललाच तार जोडून अर्थची पिन ‘चालू’ केलेली असते. असा न्यूट्रल मागे कुठे तुटला की वॉशिंग मशीनच्या पत्र्यातच करंट उतरतो. हे अज्ञान नव्हे, हा गुन्हा आहे.

म्हणून घरगुती कामातही, मग ते एका नव्या पॉइंटचे का असेना, इन्सुलेशन, अर्थिंग आणि आरसीसीबीच्या चाचणीचे आकडे वायरमनने सहीनिशी लिहून द्यावेत. तोवर काम पूर्ण धरू नये. घर भाड्याने दिले असेल, तर त्या कागदाची प्रत भाडेकरूलाही मिळावी. ओल्या हाताने गीझरचे बटण रोज तोच दाबतो.

– एक वाचक