कुराणाने दिलेला वाटा हक्कसोडीत का जातो?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुस्लिम महिलांच्या हक्कांविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्याचा रोख बहुधा तलाक, हिजाब आणि बहुपत्नीत्व या तीन विषयांवर असतो. हे विषय लहान नाहीत. २२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शायरा बानो प्रकरणात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरवला, तेव्हा आमच्या खेड्यातल्या बायांनाही मोठा धीर आला होता. परंतु अकोला, वाशीम, बुलडाणा या भागातील मुस्लिम स्त्री वर्षभर निंदण, खुरपण आणि कापूस वेचणीत राबते, आणि तरीही सातबाऱ्यावर तिचे नाव नसते, याविषयी कोणी बोलत नाही. आमच्यातले मौलवी बोलत नाहीत आणि आमच्या हक्कांची कळकळ असल्याचे सांगणारे बाहेरचे लोकही बोलत नाहीत. हे पत्र त्याविषयी आहे.

स्त्रीच्या हक्काची भाषा ही बाहेरून आलेली, दीनच्या म्हणजे धर्माच्या विरोधातली गोष्ट आहे, असे आमच्या समाजात अनेक जण मानतात. त्यांनी वारसाहक्काच्या आयती कोणत्या प्रसंगी अवतरल्या हे आठवून पाहावे. उहुदच्या लढाईत साद बिन रबी हे सहाबी, म्हणजे पैगंबरांचे सोबती, शहीद झाले आणि त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा त्यांची विधवा दोन्ही मुलींना घेऊन थेट पैगंबरांकडे गेली आणि पैशावाचून या मुलींची लग्ने कशी व्हायची, अशी तक्रार तिने मांडली. त्यानंतर कुराणाच्या सूरह निसा या अध्यायातील वाटणीच्या आयती आल्या आणि पैगंबरांनी त्या चुलत्याला बोलावून दोन तृतीयांश मुलींना, एक अष्टमांश त्यांच्या आईला आणि उरेल ते तुला, असा निवाडा दिला. ही हकीकत हदीसच्या ग्रंथांत आहे. म्हणजे एका बाईने घरातल्या पुरुषाविरुद्ध उघडपणे दाद मागितली आणि तिला ती मिळाली. आज आमच्या गावात एखाद्या विधवेने दिराविरुद्ध अशी तक्रार केली, तर तिला बेअदब ठरवले जाते.

हिशेब मुळात अवघड नाही. आठ एकर शेती असलेला माणूस पत्नी, एक मुलगा आणि दोन मुली मागे ठेवून वारला, तर पत्नीला एक अष्टमांश म्हणजे एक एकर, मुलाला तीन एकर वीस गुंठे आणि प्रत्येक मुलीला एक एकर तीस गुंठे मिळायला हवेत. शरियत कायद्यात (१९३७) शेतजमीन वगळलेली आहे आणि त्याचा फटका उत्तरेकडील काही राज्यांत लेकींना बसतो; आपल्याकडे मात्र वारसांची नोंद करताना पटवारी मुलींची नावेही घेतो. अडचण त्यानंतर सुरू होते. फेरफार मंजूर झाला की भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला घेऊन जातो. निबंधकाच्या कार्यालयात अंगठा आणि फोटो होतो, “आपा, बस एक दस्तखत चाहिए” एवढेच तिला सांगितलेले असते, आणि संध्याकाळी कपड्यांचा एक जोड देऊन तिला सासरी सोडले जाते. हा हक्कसोडीचा, म्हणजे आपला वाटा भावाला सोडून दिल्याचा दस्त असतो आणि त्यावर ‘स्वखुशीने’ असे छापलेले असते. आपण नेमके किती गुंठे सोडले, हे विचारले तर मला भेटलेल्या बहिणींपैकी एकीलाही सांगता आले नाही. नाही म्हटले तर माहेर तुटेल ही धास्ती मात्र प्रत्येकीने बोलून दाखवली.

ही रीत केवळ मुसलमानांची नाही, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये हिंदू लेकींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला, आणि त्यांच्याही हक्कसोडी त्याच कार्यालयात होत आहेत. म्हणून या प्रश्नावर एका समाजाने दुसऱ्याकडे बोट दाखवू नये.

मुलीला मुलाच्या निम्माच वाटा का, हा प्रश्न मुस्लिम स्त्री अभ्यासक फार दिवसांपासून विचारत आहेत आणि मलाही तो रास्त वाटतो. घर पोसण्याची जबाबदारी पुरुषावर असल्यामुळे त्याचा वाटा मोठा, असे कारण दिले जाते. पण आमच्याकडे कित्येक घरे बाईच्या मजुरीवर चालतात, मग ते कारण कुठे उरते? ज्या बापाला मुलगा-मुलगी समान हवेत, त्याला हयातीत हिब्याने म्हणजे बक्षीस देऊन मुलीच्या नावे जमीन करून देता येते. संततीमध्ये न्यायाने वागा, असे पैगंबरांनी एका बापाला बजावल्याचे हदीसमध्ये आहेच. मात्र निम्म्या वाट्याचे समर्थन कुराण पुढे करून करणारे लोक तो निम्माही देत नाहीत, याची मला अधिक चीड येते.

मेहरचेही असेच झाले आहे. निकाहनाम्यात लिहिलेली मेहर, म्हणजे नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम, बहुतेक वेळा उधार राहते. नवरा वारला, की जनाजा उचलण्यापूर्वी वडीलधाऱ्या बाया त्या विधवेच्या कानाशी लागतात, “मेहर बख्श दे, बेटी,” म्हणजे माफ करून टाक. ती रडत असते आणि मान हलवते. वास्तविक मेहर हे मयताच्या मिळकतीवरचे कर्ज असून वाटणीच्या आधी ते फेडले पाहिजे, हे त्या बायांनाही कोणी शिकवलेले नसते. पुढे तीच विधवा सोसायटीकडे पीक कर्ज मागायला जाते, तेव्हा सातबारा दीर-सासऱ्याच्या नावे असल्याने हात हलवत परत येते.

जुम्याच्या खुत्ब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, नमाज-रोज्याइतक्याच स्पष्ट शब्दांत लेकीचा वाटा आणि मेहर यांविषयी सांगावे, अशी आमच्या भागातील इमामांना माझी विनंती आहे. महसूल व नोंदणी विभागाकडे मागणी अशी की, हक्कसोड नोंदवण्यापूर्वी अधिकाऱ्याने बहिणीला भावापासून बाजूला बसवावे, तिच्या वाट्याचे क्षेत्र एकर-गुंठ्यांत आणि त्याची बाजारातील किंमत तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावी, आणि विचार करायला किमान महिनाभराची मुदत देऊन मगच सही घ्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. पातूर, जि. अकोला