‘डिफ लॉक आहे’ एवढ्याने भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाहन परीक्षणांत पडदा किती इंचांचा, सनरूफ आहे की नाही, हे तपशिलाने छापून येते. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाके इंजिनच्या ताकदीने फिरवू शकणाऱ्या गाडीच्या डिफरन्शिअलला (एका एक्सलच्या, म्हणजे आसाच्या, दोन चाकांत ही ताकद वाटणाऱ्या यंत्रणेला) मात्र बहुधा ‘डिफ लॉकची सोय’ एवढीच ओळ मिळते. त्या ओळीत निदान चार निरनिराळ्या यंत्रणा कोंबलेल्या असतात आणि चिखलात प्रत्येकीची वागणूक वेगळी असते. गाडीत लाखो रुपये घालणाऱ्या माणसाला हा फरक खरेदीआधी कळायला हवा.

साधे, म्हणजे ओपन डिफरन्शिअल एका एक्सलच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क, म्हणजे फिरवणारे बळ, देते; कमी पकड असलेले चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला. समजा, डावे चाक शेवाळावर आहे आणि १०० न्यूटन-मीटरला घसरते. उजव्या चाकाखाली कोरडा कातळ असला तरी त्यालाही १००च मिळणार. डावे हवेत गेले की दोघांच्या वाट्याला जवळजवळ शून्य. फोर बाय फोर लावल्याने ताकद पुढच्या एक्सललाही जाते, पण डाव्या-उजव्या चाकांतली वाटणी तशीच राहते. म्हणून पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी उचलले गेले की जुन्या जिप्सीसारखी हलकी, चिवट गाडीसुद्धा तीच दोन चाके फिरवत जागच्या जागी उभी राहते.

लॉक दोन्ही चाके एकत्र जखडतो; लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल घसरण फक्त मर्यादेत ठेवते, म्हणजे ते लॉक नव्हे, हे आधी लक्षात घ्यावे. त्यातला गिअरवर चालणारा टॉर्सन पद्धतीचा प्रकार कमी पकडीच्या चाकाच्या अडीच-तीन पट टॉर्क दुसऱ्याला देतो. वरच्या उदाहरणात उजव्या चाकाला ३००च्या आसपास मिळतील आणि गाडी निघेल. पण शून्याची तिप्पट शून्यच, त्यामुळे चाक हवेत गेले की तो हतबल होतो. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडू नये. डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबावा, म्हणजे फिरणाऱ्या चाकाला थोडा विरोध मिळतो आणि त्याचा गुणाकार पलीकडच्या चाकाला जातो. क्लच प्लेटांच्या प्रकारात आधीपासून दाब दिलेला असतो, म्हणून चाक हवेत असतानाही दुसऱ्याला थोडे बळ मिळते. पण प्लेटा झिजतात. त्याला फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांचे घर्षण सौम्य करणारे रसायन) असलेलेच गिअर ऑइल लागते. साधे ऑइल भरले की वळणावर मागून थरथर आणि कुरकुर सुरू होते, आणि गॅरेजमध्ये दोष बेअरिंगवर ढकलला जातो.

दुसरी तऱ्हा ब्रेकची. मारुती जिम्नीत, आणि थारच्या पुढच्या एक्सलवर, घसरणाऱ्या चाकाला संगणक स्वतःच ब्रेक लावतो. स्वस्त, हलकी आणि खड्ड्याखळग्यांत बरीच कामाची. मात्र चाक थोडे फिरल्याशिवाय संगणकाला घसरण कळत नाही, आणि नेमक्या त्याच क्षणी नवखा चालक पाय काढतो. पाय स्थिर ठेवावा, दोन-तीन सेकंद द्यावेत. लांब चढावर ब्रेक तापले की ही मदत तात्पुरती बंदही होते.

थार आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही फोर बाय फोर प्रकारांत मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शिअल आहे. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने बाहेर फेकली जातात आणि लॉक बसतो. ताशी ३०-३२ किलोमीटरच्या वर तो बसत नाही. इथेही चाक फिरू द्यावेच लागते, पण फिरणाऱ्या चाकावर जोराने ॲक्सिलरेटर दाबला तर लॉक बसतानाचा सगळा झटका एक्सल शाफ्टवर येतो. फोर लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त बळ देणारी स्थिती), पहिला गिअर, पाय हळूहळू वाढवत न्यावा. आणि एक कळकळीची सूचना: अशा गाडीचे एकच मागचे चाक जॅकवर उचलून इंजिनवर फिरवून पाहू नये. लॉक बसतो, जमिनीवरचे चाक खेचते आणि गाडी जॅकवरून उडी घेते.

चौथा, चालकाच्या हातातला पूर्ण लॉक. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात तो पुढे-मागे दोन्हीकडे आहे. थार रॉक्सच्या काही फोर बाय फोर प्रकारांत आणि टोयोटा हायलक्समध्ये मागे, बटणावर. बाहेरून बसवायचा तर हवेच्या दाबावर चालणारे लॉकर मिळतात. हा लॉक अडथळ्याच्या आधी, गाडी थांबवून किंवा रांगत असताना लावायचा. चाक गरगरत असताना लावला तर दाते उडतात. आधी मागचा, अगदीच अडले तर पुढचा. पुढचा लावल्यावर स्टिअरिंग जड होते आणि गाडी सरळच जाऊ पाहते. डांबरावर येण्याआधी दोन्ही काढावेत, नाहीतर वळणावर टायर घासतात आणि शाफ्ट पिळवटतो.

कोकणातल्या ओल्या तांबड्या मातीच्या आडव्या उतारावर तर लॉक घातकही ठरतो. ओपन डिफरन्शिअलमध्ये एक चाक घसरते तेव्हा दुसरे गाडीची शेपूट धरून ठेवते. लॉकमध्ये दोन्ही एकदम सुटतात आणि मागची बाजू दरीकडे सरकते. अशा जागी लॉक काढून, संथ जावे. मराठवाड्यातल्या काळ्या मातीत टायरची नक्षीच भरून जाते. तिथे आधी टायरचा दाब १८-२० पीएसआयपर्यंत उतरवावा, लॉकचा विचार नंतर. आणि सडकेवर वेग घेण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी.

आमचे मत स्पष्ट आहे. रोजचा रस्ता आणि अधूनमधून घाटातली कच्ची वाट असेल, तर ब्रेकवर चालणारी यंत्रणा अधिक मागच्या एक्सलचा हाताने लावायचा लॉक हीच उत्तम जोडी. ओल्या डांबरावर वेगाने जाणाऱ्यांना लिमिटेड स्लिप शोभते. आपोआप लागणारे, कटकट आवाज करणारे लॉकर रोजच्या गाडीत घालू नयेत. पावसात वळणावर ते अचानक लागले तर गाडी फिरते.

लॉकर बाहेरून बसवताना पूर्ण कॅरिअर (डिफरन्शिअलचे आतले घर) बदलत असेल, तर क्राऊन-पिनियन या मुख्य गिअरजोडीचा बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायल गेजने मोजून, कंपनीने दिलेल्या मर्यादेत शिमने (पातळ चकत्यांनी) बसवावा लागतो. दात नेमके कुठे टेकतात ते रंग लावून पाहावे लागते. ‘अंदाजाने बसवतो’ म्हणणाऱ्याकडे गाडी देऊ नये. आधी ऊं-ऊं आवाज येतो, मग दात तुटतात. ओढा ओलांडला की डिफचे ऑइल पाहावे. दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. ऑइल बदलून ब्रीदरची, म्हणजे डिफला हवा खेळती ठेवणारी, नळी उंच न्यावी.

आपल्या वाहनविषयक पानाला विनंती अशी की, यापुढे प्रत्येक फोर बाय फोर गाडीच्या परीक्षणात डिफरन्शिअलचा प्रकार, तो कोणत्या एक्सलवर आहे, कोणत्या वेगाला लागतो-सुटतो आणि लॉक लावल्यावर एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू राहते का, हे छापावे. विक्रेत्याला हे सांगता येत नसेल, तर तेही छापावे.

आपले,
सह्याद्रीत फोर बाय फोर चालवणारे आणि दुरुस्त करणारे काही वाचक, पुणे