जिभाऊ, आबांचा धामा ऐकू आला

आदरणीय जिभाऊ,

सप्रेम रामराम.

माझ्या वडिलांचा, आबांचा, पखवाज तुम्ही नीट रेकॉर्ड करून दिलात. त्याबद्दल फोनवर मी आभार मानायला लागले की तुम्ही "ऱ्हाऊ दे माय" म्हणता आणि कापसाचा भाव विचारता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. आमच्यासारखी भजनी मंडळं खान्देशात गावोगाव आहेत. त्यांच्याकडेही म्हातारे पखवाजी आहेत, आणि त्यांची मुलंही कधी ना कधी मोबाइल समोर धरून आवाज साठवायला बसणार आहेत. तुम्ही दोन दिवसांत जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंत जावं असं मनापासून वाटतं.

आबांचा उजवा हात गेल्या पावसाळ्यापासून थरथरायला लागला. अजून वाजवतात, पण किती दिवस, हे ना डॉक्टर सांगत ना ते स्वतः. मंडळातली दोन पोरं शिकत आहेत. त्यांच्यासाठी आबांचे ठेके, उठाण, अभंगाचा शेवट बांधायची त्यांची पद्धत, हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं माझ्या मनात होतं. आधी मोबाइलवर केलं. मग कुणी म्हणालं कंडेन्सर माईक घे, स्टुडिओसारखं येतं. तोही घेतला. विठ्ठल मंदिरात बसून तीन अभंग घेतले आणि रात्री ऐकले तर टाळांचा खणखणाट आणि विहिरीतून यावा तसा आबांच्या पखवाजाचा आवाज. धामा, म्हणजे पखवाजाचं डावं, खर्जाचं तोंड, तर कुठेच नाही. मला रडू आलं होतं, जिभाऊ. वाटलं, आबांच्या हातातच आता जोर राहिला नाही.

तुम्ही शिंदखेड्याहून भुसावळकडच्या पॅसेंजरनं अमळनेरला उतरलात तेव्हा खांद्यावर एक पिशवी होती. तिच्यात दोन माईक, वायरी आणि एक लहान मिक्सर. चाळीस वर्षं जत्रांमध्ये, सारंगखेड्याच्या यात्रेत, तमाशाच्या कनातीत साऊंड लावलेला माणूस एवढंच सामान घेऊन येईल असं मला वाटलं नव्हतं. माझा नवा माईक तुम्ही हातात घेतला, उलटासुलटा बघितला आणि म्हणालात, "माईक चांगला शे. आधी कान लाव, मंग माईक लाव."

आणि खरंच मला जमिनीवर बसवलंत. आबांना म्हणालात नुसता धुमाळीचा ठेका वाजवत राहा. मला एक कान बोटानं बंद करून दुसरा कान पखवाजाभोवती फिरवायला लावलंत. कधी धाम्याच्या अगदी तोंडाशी, कधी उजव्या, शाईच्या बाजूला, कधी वर, कधी मागे. मी त्या पखवाजाच्या आवाजात लहानाची मोठी झाले, आणि तो जागोजागी इतका वेगळा वाजतो हे मला ठाऊक नव्हतं! धाम्याशी नुसता घुमारा, शाईशी नुसती चाट, आणि समोर दीड हातावर, किंचित वरून, दोन्ही एकमेकांत मिसळलेले. "आवाज आठे शे, तठे नही," तुम्ही म्हणालात आणि माझ्या कानाच्या जागी माईक ठेवलात.

एक कान बंद का करायचा हे मी विचारलं होतं. तुमचं उत्तर मी वहीत लिहून ठेवलं आहे. आपल्याला दोन कान असतात, आणि नको तो घुमारा मेंदू बाजूला सारतो, म्हणून मंदिरात बसून ऐकताना आपल्याला सगळं गोडच लागतं. एकट्या माईकला ते जमत नाही. पखवाजावरून थेट आलेला आवाज आणि फरशी, टाइल्स, स्लॅबवर आपटून आलेला आवाज, तो दोन्ही सारखेच घेतो. माईक जितका लांब तितका थेट आवाज कमी आणि भिंतींचा जास्त. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की थेट आवाज सहा डेसिबलनं उतरतो. खोलीतला घुमारा मात्र सगळीकडे जवळजवळ तेवढाच राहतो. माझं मंदिरातलं रेकॉर्डिंग का बिघडलं, ते मला तिथे समजलं.

मग जागा शोधायला तुम्ही आमचं घर फिरलात. ओटा नको, रस्ता वाजतो. पुढची खोली नको, परवाच टाइल्स बसवल्यात. आणि मागच्या धाब्याच्या खोलीचं दार उघडून तुम्ही एक टाळी वाजवलीत. टाळी तिथेच विरली. त्या खोलीत भावाची वाट बघत भरून ठेवलेला आमचा कापूस होता, छातीइतका उंच. मुंबईच्या स्टुडिओत भिंतींना जे लावतात तेच तुमच्या घरात भरलंय, असं तुम्ही म्हणालात तेव्हा आबा पहिल्यांदा हसले. कापसाच्या धाग्यांत हवा अडकते आणि आवाजाचा जोर तिथेच जिरतो. बारीक आवाज आधी जिरतात, खर्जाला मात्र जाड थर लागतो, आणि आमच्याकडे थर भरपूर होता. या वर्षी कापूस घरात राहिला याचं दुःख सगळ्या गावाला आहे. पण त्या खोलीत तो आमच्या कामी आला.

वेळही तुम्हीच ठरवलीत. कार्तिक चालू होता, पहाटे काकडा संपला की पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आत दीड तास मिळतो. पंखा बंद, फ्रिजही बंद. लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवर, म्हणजे विजेची गुणगुण येत नाही.

आता माझ्या हट्टाबद्दल. धामा कमी येतो म्हणून मी माईक धाम्याच्या तोंडाशी, वीतभर अंतरावर नेला. तुम्ही अडवलं नाहीत. ऐकलं तर आबांचा पखवाज नाही, कुणीतरी रिकामं पिंप बडवतंय असं वाटलं. एका दिशेनं ऐकणारा माईक वाद्याच्या फार जवळ नेला की तो खर्ज आपणहून फुगवतो, हा त्या माईकच्या घडणीचा गुण आहे. गायक माईक ओठांना लावून गातात तेव्हा आवाज भारदस्त होतो तो त्यामुळेच. चारी बाजूंनी ऐकणाऱ्या माईकला हे होत नाही.

मग मी म्हटलं, दोन्ही तोंडांना दोन माईक लावू. तेही तुम्ही करू दिलंत. डावा एकटा ऐकला, चांगला. उजवा एकटा, चांगला. दोन्ही एकत्र केले आणि धामा गायब! मला काही सुचेना. तुम्ही मिक्सरवरचं एक बटण दाबलंत, एका माईकचा फेज, म्हणजे त्याच्या लाटेचा चढउतार, उलटा केलात, आणि धामा परत आला. डाव्या पुडीवर थाप पडते तेव्हा ती आत दबते, आतली हवा उजव्या पुडीला बाहेर ढकलते. एका माईकसमोरची हवा मागे ओढली जाते त्याच क्षणी दुसऱ्यावर ती पुढे आदळते. दोघांची बेरीज केली की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. विहिरीत दोन खडे टाकले की एकीची लाट आणि दुसरीचा खळगा जिथे भेटतात तिथे पाणी सपाट राहतं, तसंच. ही गोष्ट मी आमच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांना बादलीत पाणी घेऊन दाखवली.

पण फेज सुधारूनही तुमचं समाधान झालं नाही. म्हणालात, हा आता एक पखवाज राहिला नाही, दोन डग्गे झाले. आणि माईक परत दीड हातावर, समोर. मला हे फार आवडलं. दोन माईक असून एकच वापरायला धीर लागतो.

दुसरा माईक पेटीला गेला. तुमचा तो जाळीला पोचा पडलेला शुअरचा एसएम ५७. हे मॉडेल १९६५ पासून बनतंय, आणि त्याला बॅटरी लागत नाही की वीज. आतली पातळ पडदी हलते, तिला चिकटलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते, आणि तीच वीज तयार करते. माझ्या कंडेन्सरला मात्र ४८ व्होल्ट पुरवावे लागतात, तेव्हा कुठे तो जागा होतो, पण मग शाईवरचं बोटाचं टोकही ऐकतो. म्हणून तो आबांना. पेटीच्या समोर मी नेहमी माईक ठेवत आले, कारण स्टेजवर तसाच दिसतो. तुम्ही दाखवलंत की श्रोत्यांकडे तर पेटीचा भाता असतो, तिथे वारा आणि बिजागरीची कुरकूर. माईक वर, झाकणाच्या दिशेनं, हातभर उंचावर. आणि पखवाजाच्या माईकपासून साडेचार हात लांब, म्हणजे वाद्य ते माईक जेवढं अंतर त्याच्या तिप्पट दोन माईकमध्ये.

टाळकऱ्यांना तुम्ही माईकच्या पाठीमागे बसवलंत. टाळकरी थोडे नाराज झाले होते, मला दिसलं. पण हा माईक पाठीमागचं सगळ्यात कमी घेतो आणि टाळ इतके तीक्ष्ण असतात की मागे बसूनही पुरेसे येतात. ऐकल्यावर त्यांचीही कळी खुलली, कारण पहिल्यांदाच त्यांना त्यांचे टाळ पखवाजाबरोबर ऐकू आले, त्याच्यावर नाही.

दुपारी आईनं पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी वाढली. आम्ही दिलेलं पैशाचं पाकीट तुम्ही न घेता आबांच्या पखवाजावर ठेवून दिलंत. ते पाकीट अजून तसंच देवघरात आहे. ते तुमचं आहे.

आता एक गोष्ट, जी तुम्हाला माहीत नाही. तुमची गाडी सुटल्यावर संध्याकाळी मी आबांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून त्यांनी पूर्ण अभंग ऐकला. मी जीव मुठीत धरून बसले होते. हेडफोन काढून ते एवढंच म्हणाले, "कणीक जास्त व्हयनी."

खर्ज यावा म्हणून धाम्यावर ओली कणीक थापतात, ती जराशी जास्त झाली होती, खर्ज पाव स्वर खाली बसला होता. वर्षभर आम्ही जी रेकॉर्डिंगं केली त्यांत धामाच नव्हता, तर कणीक कोण ऐकणार! दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी जुनी कणीक खरवडून काढली, नवी मळली, चिमूटभर कमी लावली. माईकचा स्टँड तुम्ही ठेवला तिथेच होता, जमिनीवर तुम्ही खडूनं केलेली खूणही होती. परत वाजवायला बसले, आणि त्या दिवशी हात थरथरला तरी थांबले नाहीत.

दोन्ही फाइली पाठवते आहे. आधी पहिली ऐका, मग दुसरी.

तुमची,
आबांची थोरली