अंगणातल्या बेसबॉल हंगामाचे मदतनीस

पहिले आभार दोरी आणि चुना घेऊन सर्वांआधी हजर राहणाऱ्यांचे. लागोपाठच्या दोन बेसमध्ये (चौकोनाच्या कोपऱ्यांवरच्या, धावून गाठायच्या खुणांमध्ये) 45 फूट अंतर ठेवलं, की होम प्लेट (जिथून फटका मारतात तो कोपरा) ते समोरचा दुसरा बेस हा कर्ण जवळपास 63 फूट 8 इंच यायला हवा. नुसत्या चार बाजू मोजल्या तर चौकोन तिरका होतो, फाऊलच्या रेषा (ज्यांच्याबाहेर गेलेला फटका धरत नाहीत) सरकतात आणि चांगला फटका वाया जातो. तुम्ही दर वेळी कर्ण मोजलात!

दुसरे आभार बॉल तपासणाऱ्यांचे. भोकांच्या प्लॅस्टिक बॉलला आधी चीर जाते ती दोन भोकांमधल्या अरुंद पट्टीला, आणि थंडीत तर प्लॅस्टिक कडक होऊन लवकरच. मग बॉल ठरल्यासारखा वळत नाही. प्रत्येक पट्टी अंगठ्यानं दाबून पाहायला किती चिकाटी लागते!

दव पडल्यावर रबरी बेस कोरडे पुसणाऱ्यांमुळे कुणाचा घोटा मुरगळला नाही. धावफलक लिहिणाऱ्यांचे आणि कुंपणापलीकडून बॉल परत टाकणाऱ्या शेजाऱ्यांचेही मनापासून आभार. पुढच्या हंगामातही तुम्ही हवेच आहात.