फोन गावातल्या गावात, आवाज मात्र अमेरिकेमार्गे

महोदय,

मुंबईतील अनेक लहान दवाखाने, कार्यालये आणि शिकवण्या आता इंटरनेट फोनचा क्रमांक घेतात आणि त्यावर आलेला फोन परस्पर कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर वळवण्याची सोय वापरतात. सोय उत्तम आहे. पण फोन असा वळवला की दोघेही एकदमच बोलू लागतात, मग दोघेही थांबतात, आणि दोष ब्रॉडबँडला देऊन अधिक वेगाचा, अधिक महाग प्लॅन घेतला जातो. त्याने काहीही फरक पडत नाही, कारण अडचण वेगाची नसून अंतराची असते.

फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सरळ अंतर साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास असले, तरी समुद्राखालच्या केबलचा मार्ग बराच लांबचा असल्यामुळे एका बाजूच्या प्रवासाला जवळपास १०० मिलिसेकंद लागतात. फोन वळवणारा सर्व्हर तिकडे असेल, तर बोरिवलीच्या रुग्णाचा आवाज दादरच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचण्याआधी जाऊन-येऊन सुमारे २०० मिलिसेकंद खर्च होतात. आवाजाचे तुकडे करून पाठवणे आणि ते पुन्हा सलग जुळवणे यांचा वेळ त्यात आणखी मिळवावा लागतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असल्यास संभाषण सहसा सुरळीत चालते. सत्तरच्या दशकात जुन्नर तालुक्यातील आर्वीच्या केंद्रातून उपग्रहामार्गे परदेशी फोन लागत, तेव्हा ३६ हजार किलोमीटर वर जाऊन तितकेच खाली येण्यात जेवढा वेळ जाई, जवळपास तेवढाच आज एकाच शहरातील दोन उपनगरांमध्ये जावा, हे मला अजिबात मान्य होत नाही.

एका कंपनीच्या सर्व्हरने फोन दुसऱ्या देशातील दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवला, तर प्रत्येक टप्प्याचा विलंब बेरजेत जातो. वास्तविक फोन जुळवण्याचे काम आणि आवाज वाहून नेण्याचे काम या तंत्रज्ञानात वेगवेगळे आहे. सर्व्हरने फोन करणाऱ्याच्या यंत्रणेला नवा पत्ता कळवून बाजूला व्हावे आणि आवाज जवळच्या मार्गाने जाऊ द्यावा, हे शक्य असते. बिलासाठी, ध्वनिमुद्रणासाठी किंवा घरच्या राउटरच्या अडथळ्यामुळे आवाज स्वतःकडूनच न्यावा लागतो, असे कंपन्या सांगतात, आणि ही कारणे खोटी नाहीत. पण मग आवाज हाताळणारा सर्व्हर तरी मुंबईतच असावा. देशाच्या आंतरराष्ट्रीय केबल मोठ्या संख्येने याच शहराच्या किनाऱ्यावर उतरतात आणि डेटा सेंटरचीही येथे वाण नाही.

तेव्हा वळवलेल्या फोनचा आवाज कोणत्या शहरातून जाईल, हे सेवा देणाऱ्या कंपन्यांनी करारातच लिहून द्यावे. ग्राहकांनीही थेट लागलेल्या फोनवर समाधान न मानता, क्रमांक घेण्यापूर्वी फोन वळवून, दोन्ही टोकांना माणसे बसवून चाचणी मागावी.

एक वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई